दहशतवाद रोखण्यात स्थानिक पोलिसांची भूमिका



'दहशतवाद : एक समस्या' हा निबंध आपण सगळ्यांनीच कधी ना कधी लिहिलेला आहे. त्यात सीमा येते, सैन्य येतं, काळ्या कपड्यातले कमांडो येतात. पण ज्याला आपण रोज बघतो, जो चौकात उन्हापावसात उभा असतो आणि गणपतीत दहा-दहा रात्री जागतो, तो पोलीस त्या निबंधात फारसा दिसत नाही. आजचा पाठ त्याच्याबद्दल आहे. बीट अंमलदार, ठाणे अंमलदार, नाक्यावरचा हवालदार, गावचा पोलीस पाटील ही माणसं दहशतवाद रोखण्यात नेमकं काय करतात, हे आपण खऱ्या घटनांवरून बघू.

आधी थोडी व्यवस्थेची ओळख करून घेऊ. आपल्या संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्र आणि राज्य यांच्यात विषय वाटून दिलेले आहेत. संरक्षण केंद्राकडे आहे. 'सार्वजनिक सुव्यवस्था' आणि 'पोलीस' हे दोन्ही विषय राज्यसूचीत आहेत. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल, म्हणजे आपण ज्यांना एनएसजी कमांडो म्हणतो ते, १९८४ मध्ये उभं राहिलं. महाराष्ट्राचं दहशतवादविरोधी पथक, एटीएस, २००४ मध्ये स्थापन झालं. राष्ट्रीय तपास यंत्रणा, एनआयए, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर २००८ च्या कायद्याने आली. या सगळ्या संस्था मोठ्या आहेत, गरजेच्या आहेत. पण त्यांची कार्यालयं मोजक्या शहरांत आहेत. तुमच्या-आमच्या गल्लीत त्यांचं माणूस नाही.

आता जरा उलट्या बाजूने विचार करा. घातपात करणारा माणूस घातपाताच्या आधी कुठे असतो? तो कुठेतरी खोली भाड्याने घेतो. लॉजवर उतरतो. सिमकार्ड घेतो, जुनी दुचाकी किंवा सायकल विकत घेतो. १ ऑगस्ट २०१२ ला पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर जे स्फोट झाले, त्यात बॉम्ब सायकलींना लावलेले होते. सायकल म्हटली की दुकान आलं, दुकानदार आला, आणि ते दुकान कुठल्यातरी पोलीस ठाण्याच्या हद्दीत आलंच. म्हणजे स्फोट होण्याआधीचा सगळा काळ तो माणूस कुठल्या ना कुठल्या ठाण्याच्या हद्दीतच वावरत असतो. म्हणून रोखण्याचं काम तिथूनच सुरू होतं. कमांडो येतात तेव्हा रोखण्याची वेळ बहुतेक निघून गेलेली असते.

दोन नाके

मुलांना हा विषय समजावून सांगताना मी नेहमी दोन नाक्यांची गोष्ट सांगतो. दोन्ही खऱ्या आहेत, दोन्ही महाराष्ट्रातल्या आहेत.

पहिला नाका रायगड जिल्ह्यातला. जानेवारी १९९३. दिघीच्या धक्क्यावर रात्री समुद्रातून शस्त्रास्त्रं उतरवली गेली आणि ट्रकमध्ये भरली गेली. श्रीवर्धन भागातल्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी ते ट्रक अडवले. होय, अडवले! म्हणजे गस्त होती, नाका होता, पोलीस जागे होते. पण पैशाची बोलणी झाली, आणि ट्रक पुढे सोडून देण्यात आले. पुढच्याच महिन्यात त्याच किनाऱ्यावर शेखाडीला आरडीएक्स उतरलं. १२ मार्च १९९३ ला मुंबईत शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत अशा ठिकाणी एकापाठोपाठ एक स्फोट झाले आणि २५७ माणसं मेली. या प्रकरणात पोलीस आणि कस्टमच्या लोकांनाही शिक्षा झाल्या, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दोषी ठरवलं.

त्या रात्री नाक्यावरच्या माणसांनी आपण 'चोरटा माल' सोडतोय एवढाच हिशेब केला असेल. चोरटी चांदी, चोरटी घड्याळं कोकण किनाऱ्यावर पूर्वीपासून उतरत होतीच. पण एकदा पैसे घेऊन डोळे मिटायची सवय लागली की समोरच्या ट्रकमध्ये चांदी आहे की बंदुका, हे बघायला डोळे उघडे राहतच नाहीत. भ्रष्टाचार हा नागरिकशास्त्रातला वेगळा धडा आणि दहशतवाद हा वेगळा, असं आपण शिकवतो. गोंडघर फाट्यावर ते दोन्ही धडे एकच होते.

दुसरा नाका मुंबईत, गिरगाव चौपाटीवर. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. समुद्रातून आलेले दहा अतिरेकी शहरात शिरले होते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर त्यातल्या दोघांनी बेछूट गोळीबार केला. मग ते कामा रुग्णालयाकडे गेले. तिथल्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे अधिकारी मारले गेले आणि त्यांची गाडी अतिरेक्यांनी पळवली. त्या गाडीत मागे अरुण जाधव नावाचे पोलीस शिपाई जखमी होऊन पडलेले होते. अतिरेकी गाडी सोडून दुसऱ्या गाडीत गेल्यावर जाधवांनी तशा अवस्थेत बिनतारी संदेश दिला.

इकडे डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या माणसांनी चौपाटीवर नाकाबंदी केली होती. स्कोडा गाडी येतेय हे बिनतारीवरून कळलं होतं. गाडी आली, अडथळे बघून वळायचा प्रयत्न केला, दुभाजकाला अडकली. गोळीबारात एक अतिरेकी मेला. दुसऱ्याच्या, म्हणजे कसाबच्या, हातात एके-४७ होती. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. त्यांनी बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेत सोडली नाही. तेवढ्यात बाकीच्यांनी कसाबला पकडलं. ओंबळे गेले. सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे ते. आधी सैन्यात होते, मग पोलिसात आले. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. (मुलांना आवडणारी एक माहिती : २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी त्यांच्या नावावरून 'आयसियस तुकारामी' असं नाव दिलं.)

कसाब जिवंत सापडला म्हणून हल्ला कुठून आला, कोणी पाठवला, माणसं कशी तयार केली, हे न्यायालयात सिद्ध करता आलं. बाकीचे नऊ जण मेले. जगापुढे ठेवता आला असा एकमेव जिवंत पुरावा एका नाक्यावरच्या पोलिसांनी मिळवून दिला होता.

ओंबळ्यांचं शौर्य आपण सांगतोच, सांगायलाच हवं. पण त्यामागचं काम सांगायचं राहून जातं. जखमी शिपायाने संदेश दिला. नियंत्रण कक्षाने तो पुढे पाठवला. ठाण्याच्या माणसांनी ठरलेल्या जागी अडथळे लावले. संदेश ऐकून गाडी ओळखली. यातली एक कडी निसटली असती तर ती स्कोडा चौपाटीवरून पुढे निघून गेली असती. नाकाबंदी ही रोजची, कंटाळवाणी गोष्ट आहे. दुचाकीवाले तिला कंटाळतात, 'पावती फाडायला उभे राहिलेत' म्हणतात, आणि कधीकधी ते खरंही असतं. पण नेहमीचा सराव असल्याशिवाय त्या एका रात्री ती जमत नाही.

आणि त्याच संध्याकाळी एक संधी हुकलीही होती, तीही सांगितली पाहिजे. अतिरेकी रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना हटकलं होतं. 'कोण तुम्ही, कुठून आलात?' उडवाउडवीची उत्तरं देऊन ते निघून गेले. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो अशा सूचना वरून आधीच आलेल्या होत्या. वरच्या कार्यालयात कागद होता, खाली किनाऱ्यावर प्रश्न विचारणारी माणसं होती. मध्ये दोघांना जोडणारं काही नव्हतं. ती जोडणी करणं, हेच स्थानिक पोलिसांचं मुख्य काम आहे असं मला वाटतं.

बीट म्हणजे काय

प्रत्येक पोलीस ठाण्याची हद्द लहान लहान भागांत वाटलेली असते. त्या भागाला बीट म्हणतात आणि तो सांभाळणाऱ्याला बीट अंमलदार. त्याला आपल्या भागातले लॉज माहीत असतात, भंगारवाले माहीत असतात, जुन्या मोबाइलची दुकानं माहीत असतात. ठाण्यात गोपनीय काम बघणारा एक अंमलदारही असतो. हद्दीत काय चाललंय, कुठे कुरबुर आहे, कोण नवीन आलंय, हे तो वर कळवतो. लॉजच्या रजिस्टरमध्ये येणाऱ्याचं नाव, पत्ता, ओळखपत्र लिहिलं जातं की नुसतं 'अबक, पुणे' असं खरडलं जातं, हे तपासणं त्यांचंच काम. परदेशी पाहुणा उतरला तर चोवीस तासांत त्याची माहिती द्यावी लागते. दगडखाणी असलेल्या भागात जिलेटिनच्या कांड्यांचा हिशेब जुळतो का, हेही बघावं लागतं, कारण खाणीतून चोरीला गेलेली स्फोटकं कुठे जातील सांगता येत नाही. अमोनियम नायट्रेटसाठी तर २०१२ पासून वेगळे नियमच आहेत.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचा नियमही याच कामाचा भाग. आम्ही शिक्षक मंडळी बदलीवर फिरणारी. मी स्वतः तीन गावांत तो अर्ज भरलेला आहे, त्यात कमीपणा काही नाही. आता तो पोलिसांच्या संकेतस्थळावर घरबसल्याही भरता येतो. पण या नियमाचा एक गैरवापर होताना दिसतो. आडनाव ऐकून किंवा धर्म विचारून खोली नाकारायची आणि वर 'पोलिसांची कटकट नको' असं कारण सांगायचं. नियम माहिती द्या म्हणतो, माणसाला दारातून परत पाठवा म्हणत नाही. ज्याला खोटी ओळख घेऊन राहायचं आहे, त्याने आडनावही सोयीचंच घेतलेलं असतं!

दरवर्षी २ जानेवारीला महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन असतो आणि त्या आठवड्यात शाळांच्या सहली पोलीस ठाण्यात जातात. आमच्या चौथीतल्या एका मुलाने तिथल्या हवालदारकाकांना सरळ विचारलं, "काका, तुम्ही कधी अतिरेकी पकडलाय का?" ते हसले. म्हणाले, "नाही रे बाळा. मागच्या आठवड्यात एक बेवारस बॅग पकडली. आत जेवणाचा डबा आणि ओला टॉवेल." मुलं खूप हसली. मग काकांनी सांगितलं की त्या डब्यासाठी सुद्धा आधी लोकांना लांब केलं, दोरी बांधली, बॅगेला कोणी हात लावला नाही, बॉम्बशोधक पथक येईपर्यंत दीड तास उन्हात उभं राहावं लागलं. मला ते उत्तर फार आवडलं. ओल्या टॉवेलच्या वीस बॅगा झाल्यावर एकविसावीसाठी तेवढीच दोरी बांधणं सोपं नसतं.

खबर कोण देतं?

आता या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. पोलिसांकडे कॅमेरे असतात, फोनची माहिती काढता येते, हे सगळं खरं. तरी पहिली खबर बहुतेक वेळा माणसाकडूनच येते. शेजाऱ्याकडून, चहावाल्याकडून, कधी घरच्यांकडून. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इंटरनेटवरच्या प्रचाराला भुलून इराकला गेले. ते गेल्याचं त्यांच्या घरच्यांनीच पोलिसांना कळवलं. विचार करा, स्वतःच्या मुलाबद्दल ठाण्यात जाऊन सांगायचं! 'आपल्यालाच उचलतील, घराची बदनामी होईल' अशी भीती असेल तर कुठला बाप ठाण्याची पायरी चढेल? पुढे महाराष्ट्रात एटीएसने अशा प्रचाराकडे ओढल्या गेलेल्या काही तरुणांना अटक न करता, घरच्यांना आणि धर्मगुरूंना बरोबर घेऊन समजावण्याचं काम केलं. मुलगा तुरुंगात न जाता परत मिळू शकतो असं दिसलं, तर पुढचा बाप लवकर येतो.

विश्वास कसा कमावतात याचं उत्तम उदाहरण भिवंडीचं. यंत्रमागांचं शहर, दोन्ही समाजांची दाट वस्ती. १९७० आणि १९८४ मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या होत्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. वस्तीवस्तीत दोन्ही समाजांची साधी माणसं आणि त्या भागाचे पोलीस एकत्र बसायचे. पुढारीच नव्हे, मागावरचा कामगार, दुकानदार सुद्धा. विषय काय असायचे? नळाची भांडणं, मुलांची मारामारी, मिरवणुकीचा रस्ता. दहशतवाद, राष्ट्रीय सुरक्षा असले मोठे शब्द नव्हते. पण डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये जवळची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. अफवा उठली की लोक ओळखीच्या पोलिसाला विचारत होते, आणि तो खरं काय ते सांगत होता. हे दंगलीचं उदाहरण झालं, मान्य. पण दंगल आणि दहशतवाद यांचं नातं जवळचं आहे. घातपात करणाऱ्याला नुसती माणसं मारायची नसतात, त्यानंतर लोकांनी एकमेकांवर उठावं हे त्याला हवं असतं. तिथे भिवंडीसारख्या कमिट्या त्याच्या आड येतात.

हाच विश्वास तुटला तर काय होतं, तेही बघू. सप्टेंबर २००६ मध्ये मालेगावात कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. तपासात नऊ मुस्लीम तरुणांना अटक झाली. त्यातले बरेच जण पाच वर्षं तुरुंगात राहिले. पुढे एनआयएच्या तपासात वेगळंच चित्र पुढे आलं, २०११ मध्ये त्यांना जामीन मिळाला, आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. त्या घरांचं जे नुकसान झालं ते झालंच. पण सुरक्षेच्या बाजूनेही बघा. चुकीचा माणूस आत असतो तेव्हा खरा गुन्हेगार बाहेर मोकळा असतो, आणि त्या मोहल्ल्यातला माणूस पुढच्या वेळी काही दिसलं तरी तोंड उघडत नाही. कोणाला सोडायचं नाही याइतकंच कोणाला विनाकारण धरायचं नाही हेही पोलिसांचं काम आहे. काही लोकांना हे बोलणं पोलिसांच्या विरोधातलं वाटतं. मला तसं वाटत नाही.

गडचिरोलीत नक्षलवादाचा प्रश्न आहे. तिथला अनुभवही हेच सांगतो. १९९० च्या सुमारास तिथे सी-६० हे पथक उभं राहिलं, ते स्थानिक तरुणांना घेऊन. जंगल त्यांच्या पायाखालचं, गोंडी-माडिया त्यांच्या तोंडची. बंदुकीच्या जोडीला तिथल्या पोलिसांनी 'दादालोरा खिडकी' सुरू केली. दुर्गम भागातल्या पोलीस मदत केंद्रात जातीचा दाखला, योजनांचे अर्ज अशी कामं करून मिळतात. तहसीलला जाऊन यायला ज्याचे दोन दिवस मोडतात, त्याला ही खिडकी कळते.

गावात आणि किनाऱ्यावर

खेड्यात पोलीस ठाणं पंधरा-वीस किलोमीटरवर असतं. तिथे पोलीस पाटील असतो. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ प्रमाणे त्याची नेमणूक होते, मानधन मिळतं आणि गावातल्या गुन्ह्यांची, संशयास्पद हालचालींची माहिती ठाण्याला कळवणं हे त्याचं कर्तव्य असतं. पुष्कळ मुलांना आपल्या सरपंचाचं नाव येतं, पोलीस पाटलाचं येत नाही.

किनाऱ्यावर २००८ नंतर बराच बदल झाला. सागरी पोलीस ठाणी वाढली, गस्तीच्या नौका आल्या, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली, गावोगावी सागर सुरक्षा दलं झाली आणि 'सागर कवच' नावाचा सराव होऊ लागला. नौका आहे पण डिझेल नाही, किंवा चालवायला माणूस नाही, अशा बातम्याही मधूनमधून येतात. मनुष्यबळाचं तर सगळ्याच ठाण्यांचं रडगाणं आहे. सण, सभा, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे यांच्या बंदोबस्तात बीट अंमलदार महिन्यातले कितीतरी दिवस आपल्या बीटवर नसतोच. जो आपल्या भागात फिरलाच नाही, त्याला नवीन माणूस कोण हे कसं कळणार? नवी शस्त्रं घेण्याआधी हा हिशेब मांडायला हवा, असं माझं मत आहे.

वर्गात घेता येईल असा उपक्रम

शिक्षक मित्रांनो, हा पाठ तोंडी शिकवून सोडू नका. मुलांना आपली शाळा कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते, ते किती लांब आहे, आपले बीट अंमलदार किंवा पोलीस पाटील कोण, हे शोधून वहीत लिहायला सांगा. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२ पाठ करून घ्या. किनाऱ्यावरच्या शाळांनी सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांकही घ्यावेत. खोडी म्हणून ११२ लावायचा नाही, हेही लगेच सांगा.

मग फोनचा खेळ घ्या. एक मूल नियंत्रण कक्ष, दुसरं खबर देणारं. 'एक विचित्र माणूस दिसतोय, दाढी आहे' अशी खबर आली तर नियंत्रण कक्षाने विचारायचं, 'तो करतोय काय?' काही करत नसेल तर ती खबर नाही. दिसण्यावरून, कपड्यांवरून, भाषेवरून खबर होत नाही. वस्तू, जागा, वेळ, कृती यांवरून होते. 'बसस्थानकात फलाट तीनवर, दुसऱ्या बाकाखाली निळी बॅग आहे, सकाळी आठपासून कोणी घेतलेली नाही, आम्ही हात लावलेला नाही, मी कॅन्टीनजवळ उभा आहे' ही खबर. आमच्या वर्गात पहिल्या फेरीत बहुतेक मुलं जागाच सांगायला विसरली होती. तिसऱ्या फेरीपर्यंत फलाट क्रमांक सांगून वर 'काका, लवकर या' असंही म्हणू लागली.